आगीने दिलेला रंग: विमानांच्या प्रतिकृती आणि काजळीचा इतिहास

विमानाच्या अंगावर दोन प्रकारचे रंग असतात. पहिला रंग माणसे ठरवून देतात. राष्ट्राचे चिन्ह, स्क्वाड्रनचे मानचिन्ह, क्रमांक, शत्रूच्या नजरेपासून लपण्यासाठी चढवलेले हिरवे-करडे पट्टे हे सारे त्यात येते. त्याचे आदेश निघतात, त्याच्या नोंदी ठेवल्या जातात आणि पुढे कधीतरी इतिहासकार त्या नोंदी उघडून बसतात. दुसरा रंग कोणी देत नाही. इंजिनाच्या तोंडाशी, जळालेला वायू जिथून बाहेर पडतो तिथे, तो आपोआप उमटतो. पोलादावरची पिवळी-निळी झाक, पंखाच्या मुळापासून मागे ओढली गेलेली राखाडी रेघ, शेपटाखाली साचलेली काजळी ही त्याची रूपे. त्याचा आदेश नसतो आणि नोंदही नसते. मात्र ते विमान किती राबले, कोणते इंधन प्याले, त्याच्या पोटातील धातू कोणता होता, याची साक्ष याच रंगात असते.

विमानांच्या लहान प्रतिकृती करणारे छांदिष्ट या दुसऱ्या रंगापाशी येऊन अडतात. पहिला रंग पुस्तकात मिळतो, बाटलीवरच्या क्रमांकाने विकत आणता येतो. दुसरा स्वतः पाहावा लागतो आणि पाहूनही समजून घ्यावा लागतो. १:७२ या प्रमाणात मिग-२१ विमान जेमतेम वीतभर लांबीचे होते आणि त्याचे नोझल, म्हणजे वायू बाहेर फेकणारे मागचे तोंड, दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर. तेवढ्या जागेत प्रतिकृतीकार आठवडाआठवडा घालवतो. हा एका निरुपद्रवी छंदाचा अतिरेक आहे, असे कोणालाही वाटेल. प्रस्तुत लेखाचे म्हणणे वेगळे आहे. यंत्राच्या श्रमाचा इतिहास ज्या थोड्या ठिकाणी जपला जातो त्यांपैकी हे दीड सेंटिमीटर एक आहे, आणि महाराष्ट्राला तर त्याची विशेष गरज आहे.

या विषयाची सुरुवात शिंदखेड्यासारख्या गावातून करणे वरवर पाहता विचित्र वाटेल. धुळे जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाला ना विमानतळ, ना विमानांचे संग्रहालय. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्थानक, भोवती कोरडवाहू शेती आणि शेजारच्या दोंडाईच्याची मिरची ही या परिसराची सर्वसाधारण ओळख. तथापि तापलेल्या धातूवरचा रंग वाचण्याची विद्या या मुलखाला विमानाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. ती लोहाराच्या भट्टीवर शिकली जाते.

लोहार कुऱ्हाडीला किंवा विळ्याला ‘पाणी देतो’ तेव्हा नेमके काय होते हे पाहण्यासारखे आहे. लालभडक तापवलेले पाते पाण्यात बुडवले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून त्याचा थोडा भाग घासून लख्ख करतात आणि ते पुन्हा हलके तापू देतात. आता त्या लख्ख भागावर रंग धावू लागतात. सुमारे २२० अंश सेल्सिअसला वाळल्या गवतासारखा फिका पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला मोरपंखी निळा आणि त्यापुढे मळकट करडा. हे रंग नेहमी याच क्रमाने येतात. पिवळा पुढे धारेकडे धावतो आणि त्याच्यामागून तपकिरी, जांभळा, निळा. ज्या अवजाराला जेवढा कडकपणा हवा त्या रंगावर लोहार ते पाते पुन्हा पाण्यात घालतो. तापमापक त्याच्यापाशी नसतो. रंग हाच त्याचा तापमापक.

या रंगांत रंगद्रव्य असे काहीच नसते. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. त्या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि थराच्या जाडीनुसार काही रंग बळावतात, काही मावळतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसणारे रंग याच जातीचे. थराची जाडी तापमानावर अवलंबून असते, तशीच ते तापमान किती वेळ टिकले यावरही. म्हणजे या रंगात उष्णता आणि काळ या दोहोंची नोंद एकत्र झालेली असते. बुलेट किंवा येझदी मोटरसायकलची चकचकीत नळी इंजिनाजवळ निळी पडते आणि पुढे सोनेरी होत जाते, ती याच नियमाने. पंप चालवणाऱ्या डिझेल इंजिनाच्या धुराड्यावरची काजळी मात्र वेगळी गोष्ट आहे. ती धातूत झालेला बदल नसून बाहेरून बसलेला, अर्धवट जळलेल्या इंधनाचा कोळसा आहे. विमानाच्या एक्झॉस्टवर या दोन्ही गोष्टी असतात: धातूने स्वतः धरलेला रंग आणि त्यावर इंधनाने टाकलेला थर. प्रतिकृतीकाराला पहिली गोष्ट शिकायची ती या दोहोंतील भेद.

विमानांच्या प्रतिकृतींना हा भेद सुरुवातीपासून ठाऊक होता असे मात्र नाही. किंबहुना प्रतिकृतींचा इतिहास म्हणजे विमानाकडे पाहण्याच्या बदलत्या प्रश्नांचा इतिहास आहे, आणि एक्झॉस्टचा प्रश्न त्यात सर्वांत उशिरा आला. १:७२ हे प्रमाण १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘स्कायबर्ड्‌स’ नावाच्या लाकडी प्रतिकृतींनी रूढ केले. सहा फूट उंचीचा माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो, हा त्यातला हिशेब. १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ या कंपनीने ‘पेंग्विन’ नावाने प्लॅस्टिकचे जुळणी-संच आणले. त्यानंतर दुसरे महायुद्ध पेटले आणि प्रतिकृती हे खेळणे राहिले नाही. १९४२ साली अमेरिकी नौदलाने देशभरच्या शाळांतील मुलांकडून पाच लाख प्रतिकृती करून मागवल्या. विमानवेधी तोफांवरील सैनिकांना आणि वैमानिकांना आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे क्षणात ओळखता यावे, हा हेतू. १:७२ ची प्रतिकृती पस्तीस फुटांवर धरली की सुमारे पाऊण किलोमीटरवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. या लाखो प्रतिकृती नखशिखान्त काळ्या रंगवलेल्या होत्या. त्यांच्यावर चिन्ह नव्हते, क्रमांक नव्हता, एक्झॉस्टचा डाग तर नव्हताच. त्या काळाचा प्रश्न एकच होता: आकार कोणाचा?

युद्धानंतर प्रश्न बदलला. ब्रिटनच्या ‘एअरफिक्स’ने १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती काढली होती, तीही मुळात ट्रॅक्टर विकणाऱ्यांच्या उपयोगासाठी. १९५३ मध्ये याच कंपनीने स्पिटफायर विमानाचा संच बाजारात आणला आणि दोन शिलिंगांत तो शाळकरी मुलांच्या हाती गेला. आता मुलांना आकाराबरोबर ओळखही हवी होती: कोणत्या स्क्वाड्रनचे, कोणत्या वैमानिकाचे विमान? संचाबरोबर चिन्हांचे चिकटचित्र येऊ लागले, ‘हम्ब्रोल’च्या इवल्या डब्यांतून रंग मिळू लागले. मात्र सूचनापत्रात एक्झॉस्टच्या वाट्याला एखादाच शब्द येई, काळा किंवा गनमेटल. १९७० च्या दशकात अमेरिकेतील शेप पेन आणि त्यानंतर बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी प्रतिकृतीवर माती, झीज, तेलाचे ओघळ आणि धूर दाखवण्याची रीत लोकप्रिय केली आणि तेव्हा तिसरा प्रश्न पुढे आला: या यंत्राने काय काय सोसले? आकार, ओळख आणि श्रम अशा तीन पायऱ्या चढत हा छंद इतिहासापर्यंत पोचला.

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना सुरुवातीला सगळेच काळ्या रंगाच्या आहारी गेले. पंखा असलेल्या युद्धकालीन विमानाच्या अंगावर इंजिनापासून मागे एक जाड काळा पट्टा ओढला की काम झाले, असा समज पसरला. प्रत्यक्ष छायाचित्रे वेगळे सांगतात. त्या काळच्या शंभर ऑक्टेन पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे. इंजिन लांबच्या पल्ल्यावर काटकसरीने, कमी इंधन आणि जास्त हवा या मिश्रणावर चालवले की एक्झॉस्टमागे शिशाची फिकी राखाडी, कधी जवळजवळ पांढुरकी भुकटी बसे. भरपूर इंधनाचे मिश्रण वापरले, जसे उड्डाणाच्या किंवा झुंजीच्या वेळी, की काळी काजळी. एकाच विमानावर काळ्याच्या मध्यभागी राखाडी पट्टा दिसतो तो यामुळे. खुद्द नळकांडी काळी नसून तांबूस तपकिरी असत, कारण पोलाद दररोज तापून आणि निवून गंजे. थोडक्यात, डागाचा रंग पाहून ते विमान दूरवर गस्त घालून आले की झटपट वर झेपावून लढून आले, याचा अंदाज बांधता येतो. डाग म्हणजे घाण असे समजून काळा फासणारा हे सारे पुसून टाकतो.

जेट इंजिन आले आणि भट्टीची भाषा अधिकच जवळची झाली. विमानाचा देह बहुतांशी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्यावर पोलादासारखे पिवळे-निळे रंग चढत नाहीत. म्हणून जिथे आग जवळ आहे तिथे पोलाद, टायटॅनियम किंवा निकेल-क्रोमियमचे मिश्रधातू वापरावे लागतात आणि रंग चढतो तो त्यांच्यावरच. अमेरिकेच्या एफ-१०० सुपर सेबर विमानाचा मागचा उघडा धातू मोरपिसासारखा रंगलेला दिसे. प्रतिकृतीकारांत तो रंग दंतकथेसारखा प्रसिद्ध आहे. निरनिराळ्या धातूंसाठी तापमानाचे आकडे बदलतात. पोलाद ज्या उष्णतेला निळे होते तिला स्टेनलेस पोलादावर जवळजवळ काहीच दिसणार नाही. रंगांचा क्रम मात्र साधारणपणे तोच, लोहाराच्या पात्यावरचा. आगीला लागून निळा-करडा, दूर जावे तसा जांभळा, तपकिरी आणि शेवटी गवती पिवळा. पुष्कळ प्रतिकृतींवर निळ्याच्या पलीकडे पुन्हा निळा, मध्येच पिवळा असे इंद्रधनुष्य सांडलेले दिसते. ते दिसायला सुंदर असते, पण त्यातून सुचणारी आग कोणत्याही इंजिनात पेटत नाही.

ही विद्या हाताने कशी वठवतात हेही थोडक्यात सांगायला हवे. नोझलवर आधी चकचकीत काळा थर देतात, त्यावर एअरब्रशने पोलादी झाक फवारतात. मग पारदर्शक पिवळा, तपकिरी, जांभळा आणि निळा यांचे जवळजवळ न दिसणारे पापुद्रे योग्य क्रमाने एकावर एक चढवतात. पाकळ्यांच्या फटींत पातळ केलेला तैलरंग सोडतात, कडांवर पेन्सिलीचे शिसे घासतात आणि शेवटी खडूची भुकटी मऊ कुंचल्याने बसवून काजळी करतात. खऱ्या नोझलवर रंगद्रव्याचा कणही नसताना जो रंग दिसतो, तो प्रतिकृतीवर रंगद्रव्यांनीच उभा करावा लागतो. प्रकाशाची ती करामत ७२ पटींनी लहान करता येत नाही. ज्याला आगीचा क्रम कळला आहे त्यालाच ही नक्कल साधते. रंगाच्या बाटल्यांची संख्या वाढवून ती साधत नाही.

आता वाचक विचारतील, याचा महाराष्ट्राच्या इतिहासाशी संबंध काय? त्यासाठी शिंदखेड्याहून धुळ्याला आणि तिथून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे निघावे लागेल. मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत मागे पडले की ओझर येते. १९६२ मध्ये भारताने सोव्हिएत संघाकडून मिग-२१ विमाने आणि ती इथेच बांधण्याचा परवाना घेण्याचे ठरवले. त्याच वर्षी चीनयुद्धातील पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. १९६४ मध्ये मिगच्या निर्मितीचे काम तीन राज्यांत वाटले गेले. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. द्राक्षे आणि कांदा यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या निफाड तालुक्यात ध्वनीपेक्षा वेगाने उडणारे विमान आकाराला येऊ लागले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने एकूण ६५७ मिग-२१ बांधली. पुढे याच ओझरला मिग-२७ आणि त्यानंतर सुखोई-३० एमकेआय ही विमाने बांधली गेली.

मिग-२१ विमानाची घडण अशी की ते जणू इंजिनाभोवती पत्रा गुंडाळून तयार केले आहे. नाकातून हवा घ्यायची, शेपटातून आग फेकायची; वैमानिक, इंधन आणि शस्त्रे यांनी त्या नळीच्या कडेने जागा शोधायची. इंजिन बदलायचे तर शेपटाकडचा सगळा भाग सुटा करून मागे ओढावा लागे. साहजिकच या विमानाचे चरित्र त्याच्या मागच्या टोकाला लिहिलेले असते. सुरुवातीची एफएल जातीची विमाने उघड्या धातूच्या झळाळीत उडत. १९७१ च्या युद्धात त्यांच्यावर तळांवरच घाईघाईने हिरवे पट्टे चढवले गेले. पुढच्या बीस जातीत अधिक ताकदीचे आर-२५ इंजिन आले, आणि त्यांतील सव्वाशे विमाने नव्या उपकरणांसह ‘बायसन’ म्हणून करड्या रंगात एकविसाव्या शतकात आली. चंदेरी, हिरवा, करडा असे माणसांनी दिलेले रंग दोनदा बदलले. आगीने दिलेला रंग या सगळ्या काळात नोझलच्या कड्यावर तसाच उमटत राहिला.

आणि तोच आपल्याकडे सर्वांत कमी टिपला गेला. लष्करी तळांवर छायाचित्रणास बंदी असते आणि त्यामागची कारणे उघड आहेत. जी अधिकृत छायाचित्रे निघतात ती समोरून किंवा बाजूने काढलेली, बहुधा वैमानिक आणि मानचिन्ह दिसेल अशी. शेपटामागे उभे राहून नोझलच्या आत कॅमेरा धरण्याचे कारण कोणाला पडावे? चेक प्रजासत्ताक किंवा पोलंडसारख्या देशांत जुन्या मिगचा कोपरान् कोपरा टिपला गेला आणि तिथल्या कंपन्यांनी त्यावरून अतिशय नेमके संच काढले. चेक प्रजासत्ताकातील ‘एडुआर्ड’चा मिग-२१ चा १:४८ प्रमाणातील संच हे त्याचे ठळक उदाहरण. परिणामी ओझरला बांधलेल्या विमानाचे मागचे तोंड रंगवताना मराठी प्रतिकृतीकाराला परक्या हवाई दलाच्या विमानाचा आधार घ्यावा लागतो. राजस्थानची धूळ, किनाऱ्यावरची खारी हवा, आपल्या तळांवरच्या देखभालीच्या पद्धती यांनी आपल्या मिगचा रंग निश्चितच वेगळा केला असणार. तो वेगळेपणा सांगणारे चित्र शोधण्यातच त्याचा निम्मा वेळ जातो.

दक्षिणेला गोव्यात परिस्थिती थोडी बरी आहे. दाबोळीजवळ १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदलाच्या हवाई संग्रहालयाच्या मोकळ्या आवारात जी विमाने मांडली गेली, ती एक्झॉस्टच्या दृष्टीने पाहिली तर तिथे या विषयाचा संपूर्ण अभ्यासक्रमच उभा असल्याचे जाणवते. एअर इंडियातून हवाई दलात आणि तिथून नौदलात आलेले सुपर कॉन्स्टेलेशन हे पेट्रोलवर चालणाऱ्या, पंख्याच्या विमानांच्या युगाचे शेवटचे टोक. ‘अलिझे’ हे पाणबुड्यांचा माग काढणारे टर्बोप्रॉप विमान. ‘सी हॉक’मध्ये एकच जेट इंजिन, पण त्याची धूरनळी पोटात दुभंगते आणि दोन्ही पंखांच्या मुळाशी वेगवेगळी उघडते. शेपटाच्या टोकाला काजळी फासणारा प्रतिकृतीकार इथे सपशेल चुकतो, कारण तिथे आग पोचतच नाही. याच सी हॉक आणि अलिझे विमानांनी डिसेंबर १९७१ मध्ये ‘विक्रांत’वरून उडून पूर्व बंगालच्या बंदरांवर हल्ले केले होते.

सर्वांत बोलके उदाहरण ‘सी हॅरियर’चे. जागच्या जागी वर उठू शकणाऱ्या या विमानाला चार फिरती नोझले असतात, दोन पुढे आणि दोन मागे. चारही दिसायला सारखी. पण पुढच्या दोहोंतून इंजिनाच्या पंख्याने दाबलेली, न जळलेली हवा बाहेर पडते. तिचे तापमान शंभर-दीडशे अंशांच्या आसपास. मागच्या दोहोंतून खरा जळलेला वायू येतो, साडेसहाशे अंशांच्याही पुढचा. म्हणून मागच्या नोझलमागे विमानाच्या अंगावर उष्णता सोसणारा वेगळा पत्रा लावलेला असतो आणि रंग चढतो तो त्यावर. चारही नोझले सारखीच काळी करणाऱ्याने विमान पाहिले आहे, पण ते चालते कसे हे त्याला कळलेले नाही. भारतीय नौदलाची सी हॅरियर विमाने मे २०१६ मध्ये गोव्यातूनच निवृत्त झाली. चार नोझलांचा हा भेद आता इथे एक तर संग्रहालयात, नाही तर प्रतिकृतीवर पाहायचा.

संग्रहालय म्हटले की एक अडचण येते, आणि या लेखातील खरा प्रश्न तोच आहे. निवृत्त विमान चौकात, शाळेच्या आवारात किंवा छावणीच्या दाराशी उभे केले की त्याला आधी रंग दिला जातो. ऊन, पाऊस आणि गंज यांपासून वाचवायचे तर रंग हवाच. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण हा रंग देताना पंखापासून नोझलच्या पाकळ्यांपर्यंत एकच चंदेरी किंवा करडा थर फिरतो. राष्ट्रचिन्ह नव्याने आणि ठसठशीत काढले जाते. माणसांनी दिलेला रंग पुन्हा पुन्हा ताजा होतो आणि आगीने दिलेला रंग पहिल्याच हातात कायमचा झाकला जातो. जे उरते ते कधी न उडालेल्या विमानासारखे दिसते. महायुद्धातल्या त्या काळ्या प्रतिकृतींप्रमाणे पुन्हा नुसता आकार. आपली स्मारके यंत्राचा गौरव करतात, त्याचे श्रम मात्र धुऊन टाकतात, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये.

मिग-२१ च्या बाबतीत हे धुऊन टाकणे केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार, १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत मिग मालिकेतील ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि सेवेतील इतर ८ जण मृत्युमुखी पडले. मुंबईचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सूरतगड येथे मिग-२१ च्या अपघातात मृत्यू झाला. त्यानंतर त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी वैमानिकावर ठेवल्या जाणाऱ्या ठपक्याविरुद्ध आणि विमानांच्या सुरक्षिततेसाठी दिलेला लढा महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. यंत्र थकले होते की माणूस चुकला, हा त्या सगळ्या वादाचा गाभा होता.

हा प्रश्न सोडवताना अपघाताचे अन्वेषक जे पुरावे पाहतात त्यांत काजळी आणि धातूचा रंग यांना मोठे स्थान आहे. उडत्या विमानाला आग लागली असेल तर काजळीच्या रेघा वाऱ्याच्या दिशेने मागे ओढलेल्या असतात. जमिनीवर लागलेल्या आगीची काजळी सरळ वर चढते. दुमडलेल्या पत्र्याच्या घडीच्या आतही काजळी सापडली, तर आग पत्रा दुमडण्यापूर्वीची, म्हणजे आकाशातली. घडी आतून स्वच्छ असेल तर ती जमिनीवर आदळल्यानंतरची. तापलेल्या पोलादावरचा रंग तिथली उष्णता कुठवर गेली होती ते सांगतो. शिंदखेड्याचा लोहार पात्याचा कडकपणा ज्या रंगावरून ठरवतो, त्याच जातीच्या रंगावरून एखाद्या मृत वैमानिकाच्या कर्तव्यदक्षतेचा निवाडा होऊ शकतो. काजळी ही साक्षीदार आहे हे विधान इथे अलंकारिक राहत नाही.

याचा अर्थ प्रतिकृतीवर वाटेल तेवढी काजळी फासावी असा मुळीच नाही. अलीकडच्या काळात झिजवण्याच्या कलेचा अतिरेक झाला आहे आणि बाजारात तयार काजळीच्या कुप्याही मिळतात. सेवेतील विमाने नियमित धुतली जातात, पुसली जातात, त्यांचे भाग बदलले जातात. देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांचे श्रमही इतिहासाचाच भाग आहेत आणि त्यांनी स्वच्छ ठेवलेल्या विमानावर खोटी राख टाकणे हा त्यांच्यावर अन्यायच. म्हणून चांगला प्रतिकृतीकार ‘मिग-२१’ करत नाही. अमुक क्रमांकाचे, अमुक वर्षीचे, अमुक तळावरचे मिग-२१ तो करतो आणि त्या एका विमानाच्या मिळेल तेवढ्या छायाचित्रांपुढे आपला हात आवरतो. जिथे पुरावा नाही तिथे धातू मोकळा सोडतो. इतिहासलेखनाची शिस्त याहून निराळी नाही.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ विमानांनी निरोप घेतला. १९६३ मध्ये त्याच शहरात पहिली स्क्वाड्रन उभी राहिली होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकच्या नव्या उत्पादनसाखळीतून पहिले तेजस एमके-१ए उडाले. त्याच्या पोटात अमेरिकन एफ-४०४ इंजिन आहे. त्याचा धातू वेगळा, आग वेगळी. तिचा रंगही वेगळाच उमटेल. ओझरच्या कामगारांच्या एका पिढीने बांधलेली विमाने आता चौकाचौकांत उभी राहतील आणि रीतीप्रमाणे त्यांना स्वच्छ चंदेरी हात दिला जाईल. हे काम ज्यांच्याकडे येईल त्यांनी रंगाचा पहिला हात देण्यापूर्वी निदान एवढे करावे: शेपटामागे जाऊन, भर उजेडात, नोझलची आतून आणि बाहेरून दहा-वीस छायाचित्रे काढावीत आणि विमानाच्या क्रमांकासह, तारखेसह ती जपून ठेवावीत. त्याला पैसा लागत नाही आणि विमान निवृत्त झाल्यावर गुपितही उरत नाही. ती छायाचित्रे कोण पाहणार, असे कोणी विचारेल. दीड सेंटिमीटरच्या नोझलवर पिवळ्यानंतर तपकिरी आणि तपकिरीनंतर जांभळा चढवणारा कोणी तरी पाहील, आणि त्याच्या टेबलावर ते विमान उडून आलेल्या विमानासारखे उभे राहील.